‘संबंधित संघांमधील’ : बरोबरी सोडवणाऱ्या वाक्यांचे एक वाचन

‘साखळी सामन्यांत दोन किंवा अधिक संघांचे गुण समान झाल्यास संबंधित संघांमधील गुणफरक पाहून क्रम ठरविला जाईल.’

हे वाक्य माझे आहे. काही वर्षांपूर्वी औंढा नागनाथजवळच्या एका गावात कबड्डीचे सामने भरले होते. त्यांच्या नियमपत्रकात ते सातव्या क्रमांकाला छापले होते. पोटासाठी मी दुकानदारांचे हिशेब लिहितो, त्यामुळे आसपासच्या मंडळांना मी कागदाचा माणूस वाटतो. अर्ज, अहवाल, नियमपत्रके माझ्याकडे येतात. हे पत्रक छापखान्यात देण्याआधी मी दोनदा वाचले होते. ‘संबंधित’, ‘ठरविला जाईल’ असे शब्द आले की वाक्याला कचेरीचे वजन येते, आणि ते वजन तेव्हा मला आवडले होते.

या वाक्यापायी एक संघ घरी गेला. तो गेला ते बरोबर की चूक, हे मी त्या संध्याकाळी सांगू शकलो नाही. पुढे कित्येक महिने मी जगभरच्या फुटबॉलच्या नियमावल्या वाचत बसलो, त्याचे कारण एवढेच.

आधी हिशेब सांगतो. गटात चार संघ होते. गावांची नावे घेत नाही. जर्सीच्या रंगांवरून ओळखू. पिवळ्याने निळ्याला ४ गुणांनी हरवले, निळ्याने लालला ९ गुणांनी, लालने पिवळ्याला ३ गुणांनी. हिरवा संघ तिघांकडूनही हरला: पिवळ्याकडून ६, निळ्याकडून ८ आणि लालकडून तब्बल २१ गुणांनी. (लालविरुद्धच्या सामन्याआधी हिरव्यांचे दोन चांगले चढाईपटू एका लग्नाला निघून गेले होते. ही गोष्ट पुढे लागणार आहे.) म्हणजे पिवळा, निळा, लाल या तिघांचे दोन-दोन विजय, गुण समान. पुढे जाणार दोघेच.

लालचा कर्णधार म्हणाला, गुणफरक म्हणजे सगळ्या सामन्यांचा गुणफरक. तसे धरले तर लाल अधिक १५, निळा अधिक १३, पिवळा अधिक ७. पिवळा बाहेर. पिवळ्याच्या कर्णधाराने पत्रक पुढे केले. ‘‘काका, ह्यात ‘संघांचा’ कुठं लिहिलंय? ‘संघांमधील’ लिहिलंय. म्हणजे आमच्या तिघांमधले सामने. हिरव्याचा इथं काय संबंध?’’ तिघांमधलेच तीन सामने धरले तर निळा अधिक ५, पिवळा अधिक १, लाल उणे ६. लाल बाहेर.

मुलगा बारावी नापास होता, पण विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यय यांतला फरक त्याने माझ्यापेक्षा बरा ओळखला. त्याचे पटते न पटते तोच लालकडचे एक शिक्षक पुढे आले. त्यांचे म्हणणे असे: ठीक, तिघांमधलेच पाहा. निळा पहिला आला, तो गेला. आता उरलो आम्ही दोघे. गुण आमचे अजून समानच आहेत, मग ‘संबंधित संघ’ आता फक्त लाल आणि पिवळा. आणि या दोघांमध्ये सामना कोणी जिंकला? लालने.

एकाच वाक्याची तीन वाचने झाली, आणि तिन्ही व्याकरणाला धरून. शेवटी मंडळाच्या अध्यक्षांनी मला विचारले, ‘‘तुम्हीच लिहिलंय ना? तुमच्या मनात काय होतं ते सांगा, विषय संपला.’’ या प्रश्नावर साहित्याच्या समीक्षेत बराच वाद झालेला आहे. कृतीचा अर्थ लेखकाच्या हेतूवर टांगावा की नाही, यावर मीही पूर्वी मोठ्या हौसेने मते दिलेली आहेत. त्या मैदानावर मात्र खरे उत्तर लाजिरवाणे होते. माझ्या मनात काहीच नव्हते. ते वाक्य मी एका जुन्या पत्रकातून उचलले होते आणि ‘सदर’ काढून ‘संबंधित’ घातले होते. मी तसे सांगितले. मग दोन चिठ्ठ्या करण्यात आल्या, एका लहान मुलीला बोलावण्यात आले, आणि लाल निघाला.

कबड्डीच्या बाद फेरीत हा प्रश्न येत नाही. तिथे बरोबरी झाली तर पाच-पाच चढाया, मग सुवर्ण चढाई. निकाल मैदानावरच लागतो. गोंधळ साखळीत असतो, कारण तिथे बरोबरी सामन्यात होत नाही, तक्त्यात होते. ज्यांनी एकमेकांना त्या दिवशी पाहिलेलेही नाही असे संघ कागदावर एका ओळीत येऊन उभे राहतात. साखळीचा सर्वांत मोठा कारखाना म्हणजे फुटबॉलच्या पात्रता फेऱ्या, म्हणून मी तिकडे वळलो. आपल्याकडे कोल्हापुरात तालमींचे संघ आहेत, गोव्यात घरोघरी फुटबॉल आहे. हिंगोली जिल्ह्यात हा खेळ पाहणाऱ्याला शोधावे लागते. पण नियम वाचायला मैदान लागत नाही.

या नियमावल्यांमध्ये दोन घराणी आहेत. एक म्हणते, गुण समान झाले तर गटातल्या सर्व सामन्यांचा गोलफरक आधी पाहा. विश्वचषकाच्या पात्रता फेऱ्यांत बराच काळ हेच चालत आले. दुसरे म्हणते, बरोबरीत असलेल्या संघांचे आपसातले सामने आधी पाहा. युरोपची संघटना, आफ्रिकेची संघटना, आशियाई चषकाची पात्रता फेरी या घराण्यातल्या. दोन्ही नियम स्वतःपुरते स्वच्छ आहेत. घोटाळा होतो तो खेळणाऱ्याच्या डोक्यात एक घराणे आणि कागदावर दुसरे असेल तेव्हा.

८ ऑक्टोबर २०११ला दक्षिण आफ्रिकेत नेलस्प्रुइट इथे हेच घडले. आफ्रिका चषकाच्या पात्रतेचा शेवटचा सामना, समोर सिएरा लिओन. तिकडे इजिप्तमध्ये नायजर ३-० हरला होता. बरोबरी झाली तर दक्षिण आफ्रिका, नायजर आणि सिएरा लिओन तिघांचे ९ गुण होणार होते, आणि गोलफरकात दक्षिण आफ्रिका सरस होती. म्हणून प्रशिक्षक पिट्सो मोसिमाने यांचा संघ शेवटी गोलसाठी धडपडला नाही, चेंडू राखत बसला. सामना ०-० सुटला आणि खेळाडूंनी मैदानाला फेरी मारली, नाचले. मग कोणीतरी नियम वाचला. आधी आपसातले सामने. त्यांत नायजरचे ६ गुण, बाकी दोघांचे ५-५. पात्र नायजर. तिथल्या संघटनेने आधी दाद मागितली, पुढे ती मागे घेतली. क्रिकेटवाल्यांना याच देशाची २००३ची दरबानची रात्र आठवेल. पावसाच्या गणिताचा कागद चुकीचा वाचला गेला आणि मार्क बाउचरने शेवटचा चेंडू नुसता अडवला. एक धाव हवी होती.

या प्रकरणावर लोक हसतात, मला हसू येत नाही. नियम चुकीचा वाचणे म्हणजे निकालानंतरची चूक नव्हे. ती खेळात शिरते. त्या अकरा जणांना गोल हवा आहे हे माहीत असते तर ते वेगळे खेळले असते. आमच्या पिवळ्या संघाचेही तसेच. निळ्याविरुद्ध ४ गुणांची आघाडी असताना शेवटची दोन मिनिटे त्यांनी नुसत्या वेळकाढू चढाया केल्या, कारण विजय म्हणजे विजय असे ते समजत होते. प्रत्येक गुण पुढे कोणत्या खात्यात जमा होणार, हे माझ्या वाक्याने त्यांना सांगितलेच नव्हते.

आता आपल्या देशाचे उदाहरण घेऊ. त्याची चर्चा मी मराठीत कुठे वाचली नाही. २०२६च्या विश्वचषकाच्या पात्रतेत भारताच्या गटात कतार, कुवेत आणि अफगाणिस्तान होते. ११ जून २०२४ला दोह्यात कतारने आपल्याला २-१ हरवले. रेषेबाहेर गेलेला चेंडू आत ओढून केलेला तो गोल सर्वांच्या लक्षात आहे, आणि राग रास्तच आहे. पण त्या रात्रीचा तक्ता पाहा. भारत ५ गुण, अफगाणिस्तान ५ गुण. दोघांचे केलेले गोलही तीन-तीन. भारताचा गोलफरक उणे ४, अफगाणिस्तानचा उणे ११. म्हणून भारत तिसरा, अफगाणिस्तान चौथा.

या दोघांमधले सामने काय सांगतात? मार्चमध्ये सौदी अरेबियातल्या आभा इथे ०-०, आणि पाच दिवसांनी गुवाहाटीत अफगाणिस्तानचा २-१ विजय. सुनील छेत्रीचा तो १५०वा सामना होता. दुसऱ्या घराण्याचा नियम असता तर खाली आपण असतो. गंमत अशी की हीच फेरी २०२७च्या आशियाई चषकाच्या पात्रतेलाही जोडलेली होती, आणि त्या चषकाच्या पुढच्या पात्रता फेरीत आपसातले सामने आधी धरतात. एकाच स्पर्धेच्या वाटेवर दोन टप्प्यांत बरोबरीचा अर्थ वेगळा. प्रत्यक्षात दोघांनाही पुढच्या फेरीत जागा मिळाली, म्हणून कोणी बोलले नाही.

भारताचे तिसरे स्थान कशाने राखले? आपण अफगाणिस्तानपेक्षा चांगले खेळलो म्हणून नव्हे. कतारने त्यांना एका सामन्यात ८-१ हरवले होते, कुवेतने ४-०. दुसऱ्यांनी त्यांना किती झोडपले यावर आपण वर राहिलो. इथे मला हिरव्या संघातले ते दोन चढाईपटू आठवतात. लालचा २१ गुणांचा विजय लग्नघरच्या पंगतीत बसलेल्या दोन मुलांनी दिला होता. एकूण गोलफरकाचा नियम ‘तुम्ही दुबळ्याशी कसे वागलात’ हे मोजतो. आपसातल्या सामन्यांचा नियम ‘तुम्ही बरोबरीच्याशी कसे उभे राहिलात’ हे मोजतो. मला दुसरा अधिक न्याय्य वाटतो. पण त्यालाही किंमत आहे: हिरव्यासारख्या संघाविरुद्धचे कष्ट कवडीमोल होतात, आणि शेवटच्या दिवशी कधी कधी खेळण्यासारखे काही उरत नाही. म्हणून ही निवड गणिताची नाही, मूल्यांची आहे. नियमावली ती निवड अ, ब, क, ड अशा उपकलमांत करते. वाचणाऱ्याला वाटते, हे तर नुसते क्रमांक आहेत.

क्रमाचे वजन किती असते पाहा. २०१०च्या विश्वचषकाच्या पात्रतेत अल्जीरिया आणि इजिप्त यांचे १३-१३ गुण, गोल दोघांचेही ९ केलेले, ४ खाल्लेले. आपसातले सामने: ब्लिदा इथे अल्जीरिया ३-१, कैरोत १४ नोव्हेंबर २००९ला इजिप्त २-०. पुन्हा सगळे समान. इजिप्तने परक्या मैदानावर एक गोल केला होता, अल्जीरियाने कैरोत एकही नाही. पण परमैदानावरचा गोल हा निकष त्या यादीत नव्हता. म्हणून सुदानमध्ये ओमदुर्मान इथे चार दिवसांनी आणखी एक सामना झाला आणि अल्जीरिया १-० जिंकून विश्वचषकाला गेला. यादीत एक ओळ जास्त असती तर इजिप्त गेला असता. आणि तरी या नियमाला मी चांगला म्हणेन. शब्द संपले तेव्हा त्याने शब्द ताणले नाहीत, माणसांना पुन्हा मैदानावर पाठवले.

नियम स्पष्ट असला म्हणजे झाले, असेही नाही. १९९४च्या जानेवारीत कॅरिबियन चषकाच्या पात्रतेत बार्बाडोसला ग्रेनाडावर दोन गोलांनी विजय हवा होता. संयोजकांनी नियम केला होता की जादा वेळेतला सुवर्णगोल दोन गोलांचा धरायचा. आघाडी २-१ वर आली, वेळ संपत आली, तेव्हा बार्बाडोसने मुद्दाम स्वतःवरच गोल केला, म्हणजे २-२ होऊन जादा वेळ मिळेल. मग ग्रेनाडाचे खेळाडू कोणत्याही एका गोलजाळ्यात चेंडू घालायला धावू लागले, कारण एका गोलने हरूनही ते पात्र ठरत होते, आणि बार्बाडोसने दोन्ही टोकांना बचाव केला. जादा वेळेत बार्बाडोसने गोल केला; सामना ४-२ नोंदला गेला. त्या नियमात संदिग्ध असे एक अक्षर नव्हते.

आता चिठ्ठीकडे येतो. आपल्या वर्तमानपत्रांत तिला ‘ईश्वरचिठ्ठी’ म्हणतात. हा शब्द मला फार मराठी वाटतो. १९५४च्या विश्वचषकाच्या पात्रतेत स्पेनने तुर्कस्तानला माद्रिदमध्ये ४-१ हरवले, तुर्कस्तानने इस्तंबूलमध्ये १-० परतफेड केली. तेव्हा गोलफरक हा निकषच नव्हता, एक-एक विजय म्हणजे बरोबरी. रोमला तिसरा सामना २-२ सुटला. मग डोळ्यांवर पट्टी बांधलेल्या एका मुलाने चिठ्ठी काढली, आणि चार गोल करणारा स्पेन घरी राहिला. २०१७च्या मुंबई महापालिका निवडणुकीत गिरगावच्या २२० क्रमांकाच्या प्रभागात भाजपचे अतुल शहा आणि शिवसेनेचे सुरेंद्र बागलकर यांना ५,९४६ अशी समान मते पडली. तिथेही एका लहान मुलीने चिठ्ठी काढली आणि शहा विजयी झाले. रोम, गिरगाव आणि आमच्याकडचे ते मैदान: तिन्हीकडे मूलच लागले. मोठ्या माणसाच्या हातावर कोणाचा विश्वास नाही.

लोकसभा-विधानसभेसाठी लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ मध्ये ६५वे कलम आहे. ते चिठ्ठीत निघालेल्या उमेदवाराला श्रेष्ठ म्हणत नाही. त्याला जणू एक मत जादा मिळाले आहे असे समजावे, एवढेच म्हणते. कायद्याच्या भाषेतली ही मानीव गोष्ट मला प्रामाणिक वाटते. गोलफरक, चौकारांची संख्या, पिवळी कार्डे यांचा आव असतो की आम्ही खरा विजेता शोधून काढला. २०१९च्या क्रिकेट विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात इंग्लंडचे सीमापार फटके २६ आणि न्यूझीलंडचे १७, म्हणून इंग्लंड जगज्जेता. चिठ्ठी निदान असला दावा करत नाही. आमच्या औंढ्याला नामदेवांसाठी देवळाने तोंड फिरवल्याची कथा लहानपणापासून ऐकलेली असते, आणि नंदी मागच्या बाजूला कसा हे पाहुण्यांना दाखवले जाते. त्या कथेत देवाने बाजू घेतली. ईश्वरचिठ्ठीत तो बाजू घेत नाही, नुसता हात घालतो. पिवळ्या संघातली मुले चिठ्ठीवर चिडली नव्हती, हे मी पाहिले आहे. ती पत्रकावर चिडली होती.

बरोबरी सोडवलीच पाहिजे, हा हट्टही जुना नाही. जत्रेतल्या कुस्तीच्या फलकावर ‘निकाली कुस्त्यांचे जंगी मैदान’ असे छापलेले असते. ‘निकाली’ हा शब्द मुद्दाम छापावा लागतो, कारण अनिकाली कुस्ती ही सर्वांच्या ओळखीची गोष्ट होती. दोन मल्ल दमेपर्यंत लढले, पाठ कोणाचीच लागली नाही, तर कुस्ती ‘बरोबरीत सोडवली’ म्हणायचे आणि इनाम वाटून द्यायचे. आजच्या मॅटवर गुण समान झाले तर मोठ्या गुणाचा डाव कोणाचा, ताकीद कोणाला, आणि शेवटी अखेरचा गुण कोणी घेतला, यावर हात वर होतो. संतोष करंडकात १९८२-८३ला गोवा आणि बंगाल संयुक्त विजेते ठरले. गोव्याचे ते पहिले विजेतेपद, आणि ते अर्धे आहे असे तिथे कोणी म्हणत नाही. आपल्या साहित्यस्पर्धांतही ‘प्रथम क्रमांक विभागून’ हा शब्दप्रयोग अजून जिवंत आहे. कथा-कवितेला तो चालतो. पात्रता फेरीला चालत नाही; पुढच्या फेरीत खुर्च्या मोजक्या असतात.

आता माझ्या वाक्याकडे परत. लालकडच्या शिक्षकांच्या युक्तिवादाला उत्तर मला युरोपीय संघटनेच्या नियमावलीत सापडले. आपसातले गुण, आपसातला गोलफरक, आपसातले गोल हे सगळे लावूनही जे संघ ‘अजून समान’ राहतील, फक्त त्यांच्यासाठी तेच निकष त्यांच्यापुरत्या सामन्यांना पुन्हा लावायचे, असे तिथे म्हटले आहे. सगळी मेख ‘अजून’मध्ये आहे. आमच्याकडे लाल आणि पिवळा आपसातल्या गुणफरकातच वेगळे झाले होते, उणे ६ आणि अधिक १. ते ‘अजून समान’ नव्हते, त्यामुळे पुन्हा मागे जाऊन त्यांचा एकट्याचा सामना काढण्याची गरज नव्हती. ते वाक्य आमच्या पत्रकात असते तर पिवळा पुढे गेला असता. एकूण फरकाचे घराणे असते तर लाल. माझ्या वाक्यात दोन्ही मावत होते.

आता माझे सातवे कलम सहा ओळींचे आहे. ‘गुण’ हा शब्द मी विजयाच्या गुणांपुरताच ठेवला. सामन्यातल्या गुणांना ‘मैदानी गुण’ म्हटले. ‘संबंधित’ काढला. ‘बरोबरीत असलेल्या संघांनी एकमेकांविरुद्ध खेळलेल्या सामन्यांतील मैदानी गुणांचा फरक’ असे लिहिले. वाचताना दम लागतो, लागू दे. खाली रंगांच्या नावाने तीन संघांचे उदाहरण सोडवून दाखवले आहे. आकडे त्या संध्याकाळचेच आहेत, आणि उत्तरात पिवळा दुसरा आहे.

पिवळ्याचा तो कर्णधार आता धाकट्या मुलांना शिकवतो. यंदाचे पत्रक त्याला आधी दाखवले. त्याने उदाहरण बोटाने मोजत वाचले, उत्तरापाशी थोडा थांबला, पण त्यावर काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘‘काका, आणि हिरवा मधूनच सामने सोडून गेला तर? त्याच्याशी झालेले सामने धरायचे का नाही?’’ २०२१मध्ये उत्तर कोरियाने विश्वचषकाची पात्रता फेरी मधूनच सोडली, तेव्हा त्यांच्या गटातले त्यांचे निकाल रद्द झाले. तो गट चारांचा उरला, म्हणून इतर गटांच्या उपविजेत्यांची तुलना करताना त्यांचे पाचव्या संघाविरुद्धचे सामनेही वगळावे लागले. हे मी त्याला सांगितले. तो म्हणाला, मग ते लिहा की. आठवे कलम लिहितो आहे, अजून जमलेले नाही.